फटी

दुपारी तीनलाच अंधार पडला, त्यात नवं काही नाही.
फॅरो बेटांवर डिसेंबरचा दिवस म्हणजे
कुणी दार किलकिलं करून डोकावून जावं, तेवढाच.
पण रेडिओवरची बाई आज नेहमीपेक्षा सावकाश बोलत होती.
तोर्सहाव्नची बोट बंद. बोगदा बंद. शाळा उद्याही बंद.
मग तिने वाऱ्याचा आकडा सांगितला
आणि एयदूनने न बोलता
काढलेले बूट पुन्हा पायात चढवले.

नावेला आणखी दोन दोर. कोंबड्या न्हाणीघरात.
कचऱ्याच्या डब्यात दगड, डब्यावर दगड.
मी पातेली भरून ठेवली, मेणबत्त्या मोजल्या, सात.
त्यातली एक मार्युनच्या वाढदिवसाची,
पाचच्या आकड्याची, गुलाबी.

सातच्या सुमाराला वीज गेली.
घर आधी कण्हलं, मग दात खाऊ लागलं.
छपरावरचं गवत कुणी उलट्या हाताने विंचरत होतं.
समुद्र आता खाली राहिलाच नव्हता,
मुठीमुठीने शेवाळ, वाळू आणत होता,
काचेवर मीठ थापत होता.
मार्युनने विचारलं, असल्या दिवशी देवमासे कुठे जातात?
खाली, एयदून म्हणाला.
किती खाली?
ऐकू येत नाही तिथपर्यंत.

आणि तेव्हाच पत्रा फाटल्याचा आवाज.
लांबलचक, जसं कुणी थानातून कापड फाडत जावं.
आपला नाही, आपल्याला पत्राच नाही, मी म्हणाले,
आणि सुटकेचा श्वास निम्म्यात अडकला.
पत्र्याचं छप्पर समोर.
समोर हानुस. एकटा.

अकरा वर्षांचा अबोला आहे आमचा.
एका मेंढ्यावरून. कुणाच्या कुरणात चरला, कुणाचा होता.
मेंढा केव्हाच खाऊन संपला,
अबोल्यावर मात्र दरवर्षी नवी लोकर येत गेली.
दुकानात तो आला की मी पावाकडे बघते.
चर्चमध्ये तो डावीकडे, आम्ही उजवीकडे,
येशूला दोन्ही बाजूंना बघावं लागतं.

एयदून मेणबत्तीकडे बघत बसला.
मग उठला, खुंटीवरचा दोर कमरेला बांधला,
दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
दाराच्या आत, जमिनीवर, पाय चौकटीला रोवून
मी तो दोर धरून बसले.
ताणायचा. सैल पडायचा. सैल पडला की
मी काय काय कबूल करत होते, ते आता आठवत नाही.

आले तेव्हा दोघंही रांगत आले,
आणि मार्युन खदखदून हसली,
बाबा मेंढी झालाय!

हानुसने कोटातून वाऱ्यावर वाळवलेली मांडी काढली,
टेबलावर ठेवली. खिशातून सुरी काढली.
पातळ पातळ कापत राहिला.
बऱ्याच वेळाने, सुरीकडे बघत,
यंदा नीट मुरलं नाही.
एयदून, मांसाकडे बघत,
नोव्हेंबर फार उबदार गेला.
परत बराच वेळ नुसता वारा.
वाळवणीचं खोपटं?
उभंय. ते कशाला पडतंय.
फळीफळीत बोटभर फट आहे त्याला.

पत्ते खेळलो. मी हरले.
शेवटी गुलाबी पाच पेटवावा लागला,
त्याचं पोट आधी वितळलं.
हानुस खुर्चीतच झोपला, तोंड उघडं टाकून.
एवढा म्हातारा कधी झाला हा?

सकाळी वारा नाही म्हणावा इतपत.
पत्रा आमच्या बटाट्यांच्या वाफ्यात सापडला,
दुमडलेला, आत थोडं बर्फ.
दोघांनी दोन टोकं उचलली,
चढावरून चालत गेले.
मध्ये पत्रा लवत होता, डुगडुगत होता,
थांबायचे, हात बदलायचे.
बोलत होते का, ते इथून कळलं नाही.

सुरी टेबलावर राहिली आहे.
विसरला, किंवा विसरला नाही.
मी धुऊन, पुसून ठेवली.
नेऊन द्यायची की तो येईपर्यंत थांबायचं,
ठरत नाही.
कोंबड्या न्हाणीघरातून बाहेर यायला
तयार नाहीत.